तात्यांच्या हातातली बादली

आमच्याकडे लोक मुंबईहून गाडी काढून थुंकायला येतात. हे मी पहिल्यांदा माहेरी सटाण्याला सांगितलं तेव्हा माझी आई कांद्याची टोपली तशीच हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पण ते खरं आहे. वाइन चाखायची तर घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, चव ओळखायची आणि बादलीत थुंकायचा. एकामागून एक पाच-सहा प्रकार चाखायचे असले की गिळून भागत नाही, जीभ आणि डोकं दोन्ही बधिर होतात. शहाणा माणूस गिळत नाही, असं माझा नवरा ललित दर रविवारी पाहुण्यांना शिकवतो. आणि ती बादली माझे सासरे धरतात.

सासऱ्यांचं नाव रंगनाथ. सगळे त्यांना तात्या म्हणतात. खाण्याच्या द्राक्षांत गिरणाऱ्याच्या रस्त्याला त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नव्वदच्या दशकात त्यांचा माल विलायतेला जायचा, एकेक मणी बोराएवढा. रविवारी ओझरच्या कारखान्यातले साहेबलोक बायकापोरांना घेऊन बाग बघायला यायचे आणि तात्या डोक्यावरची टोपी सारखी करून त्यांना तासतासभर वेलीखाली फिरवायचे. छाटणी कशी करायची, काडी कुठे तोडायची, सगळं समजावून सांगायचे. तेव्हा शिकवण्याची हौस या घरात काही ललितने आणलेली नाही, ती आधीपासूनची आहे.

फक्त घरच्यांना शिकवायची तात्यांची रीत वेगळी होती. ललित दहावीत असताना त्यांनी त्याला विरळणीला लावलं. घडातले जादा मणी बारक्या कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले चांगले पोसतात. ललितने एका ओळीतले घड जवळजवळ बोडके केले. तात्यांनी त्याला मारलं नाही. ते बोडके घड सुतळीत ओवले, त्याच्या गळ्यात घातले आणि शाळेची एसटी येईपर्यंत त्याला फाट्यावर उभं केलं. एसटीतून त्याच्या वर्गातल्या मुली उतरल्या. एकीने विचारलं, "घड कितीला दिला रे?" हे ललितने मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि सांगताना तो इतका हसला की मला त्याची भीती वाटली.

सासूबाईंचं शिक्षण जेवणाच्या ताटावर चाललं होतं. मी त्यांना आई म्हणते, नाव त्यांचं मोहिनी. तात्या पहिला घास तोंडात घेत, जरा थांबत, आणि मनासारखा नसला की ताटाच्या बाजूला थुंकत. मग ओसरीवर मजूर बसलेले असोत की पाहुणे. बोलायचे काही नाहीत. आई फडकं घेऊन यायच्या, पुसायच्या आणि परत चुलीकडे जायच्या. माझ्या पहिल्या वर्षी माझ्या हातच्या वांग्याच्या भाजीचंही तेच झालं. मी ताडकन उठले तर आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बस. तुला एक वरीस झालं, मला तीस झाली."

असा माणूस. त्याची दया यावी असं त्याने काही केलं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

दोन हजारच्या आगेमागे नाशिकला वाइनचं वारं सुटलं. ललितने हट्ट धरला. तात्यांनी शिव्या दिल्या, चार महिने बोलणं टाकलं आणि शेवटी अर्धी बाग काढून वाइनची द्राक्षं लावू दिली. एवढंच नाही, वायनरी उभी करायला सोपं जावं म्हणून जमीनही पोराच्या नावावर करून दिली. त्या दिवशी आई मला एवढंच म्हणाल्या, "आता या घरात वारं कुठून वाहील ते बघ."

वेली धरत्या झाल्या त्या वर्षी ललित वाइनचं शिकायला सहा महिने परदेशात गेला. जाताना तात्यांना म्हणाला, "तात्या, या बागेला काही करू नका. औषध नको, जादा पाणी नको. नुसती राखण करा." तात्या हो म्हणाले. पण ज्याने जन्मभर वेलीला काही ना काही केलं, त्याला काही करू नका म्हणून सांगणं म्हणजे आगीशेजारी लोणी ठेवणं. डिसेंबरात घड लोंबायला लागले. वाइनचं द्राक्ष मुळातच बारीक, बियांचं, जाड सालीचं. तसंच असावं लागतं, रस थोडा पण दाट. हे तात्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेजारचा गोरक्ष बांधावर उभा राहून म्हणाला, "रंगनाथ, द्राक्षं लावली का करवंदं?"

तात्यांना ते सहन झालं नाही. येणारा-जाणारा आपल्या बागेकडे बघून हसतोय असं त्यांना वाटायला लागलं. मग त्यांनी जे येत होतं ते केलं. मणी फुगवायच्या औषधाची पुडी आणली, ती आधी स्पिरिटमध्ये विरघळवली, मग ड्रमभर पाण्यात घातली. पेठकडच्या बायका कामाला होत्या, त्यांच्या हातात एकेक मग दिला आणि बागेतला प्रत्येक घड औषधात बुडवून काढला. खाण्याच्या द्राक्षाला आम्ही असंच करतो. वर खत दिलं, पाणी सोडलं. घड टरारले. तात्या रोज संध्याकाळी बागेत चक्कर मारून येत आणि जेवताना म्हणत, "पोरगं येईल तर वळखायचं नाय बाग." खरंच सांगते, तेवढे दिवस त्यांनी एकही घास थुंकला नाही.

ललित आला, विमानतळावरून सरळ बागेत गेला आणि पहिल्याच वेलीखाली बसला. तात्या मागे उभे, छाती काढून. त्यांना वाटलं, पोराला आनंद आवरेना.

त्या द्राक्षांची वाइन झाली ती पाणचट, आणि वरून कडू. सगळी फुकट गेली असती. ललितने ती फेकली नाही. त्याने तात्यांच्या कमरेची छाटणीची कात्री सगळ्या मजुरांसमोर काढून घेतली. चिमणाबाई नावाची आमची जुनी मजूरबाई आहे, तिच्या हातात ती दिली आणि म्हणाला, "आजपासून तात्यांनी वेलीला हात लावायचा नाही. लागली छाटणी तर ही करेल." चिमणाबाई कात्री घेऊन तशीच उभी राहिली. तिला ती कुठे ठेवावी कळेना. तात्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, ललितकडेही बघितलं नाही, आपल्या रिकाम्या कमरेला हात लावून बघितला. ती कात्री तात्यांच्या वडिलांपासूनची. ती कमरेला नसली की त्यांना आपण नागडे आहोत असं वाटे, हे ते स्वतःच म्हणायचे.

नंतर पाहुणे यायला लागले. ललित चांगला शिकवतो, त्यात वाद नाही. वेलीखाली नेतो, मणी चाखवतो, टाक्या दाखवतो, मग लांब टेबलाशी सगळ्यांना उभं करून घोट घ्यायला शिकवतो. मी बाटल्या उघडते. शेवटच्या ग्लासाआधी तो दाराकडे हात करतो आणि तात्या आत येतात. धोतर, पांढरी टोपी आणि हातात स्टीलची बादली.

"हे आमचे तात्या," ललित म्हणतो. "यांनी द्राक्षं मोठी केली, मला मोठं केलं आणि माझ्या पहिल्या वाइनची वाट लावली." मग तो औषधाची सगळी गोष्ट सांगतो. गोरक्षच्या करवंदांसकट. लोक पोट धरून हसतात. मग मी ती कडू वाइन ओतते. बाटलीवर त्याने नावच घातलंय, 'तात्यांची चूक'. लोक घोट घेतात, तोंड वाकडं करतात आणि तात्यांनी पुढे केलेल्या बादलीत थुंकतात. कोणाकोणाचे शिंतोडे टोपीवर उडतात. कोणी म्हणतं, "काका, सॉरी हं." तात्या मान हलवतात. फोटो निघतात.

सुरुवातीला मला वाटलं, दोन-चार रविवार चालेल आणि ललितची भूक भागेल. पण ज्याला थुंकीची गोडी लागली त्याला पोट नसतं. पाहुण्यांना सगळ्यांत जास्त आठवायची ती तात्यांचीच वाइन. लोक फोनवर विचारायचे, "ते आजोबा असतात ना?" मला किळस यायची. तात्यांवर माझं प्रेम होतं म्हणून नाही. पण घरातलं उणंदुणं घरात असावं, त्याचं टेबल मांडू नये, एवढं मला माहेरी शिकवलेलं आहे.

एकदा तात्यांनी विषय काढला. सकाळी, चहाच्या वेळी. "दुसरं काय पण सांग," ते म्हणाले. "गोठा झाडतो, पाव्हण्यांचे जोडे पुसतो. बादली नको रे."

"तात्या, तुमच्याशिवाय मजा नाही," ललित म्हणाला.

"मग कात्री तरी दे. बागेत ऱ्हातो, तुझ्या पाव्हण्यांम्होरं येत नाय."

पुढच्याच रविवारी, तात्या बादली धरून उभे असताना, ललितने पाहुण्यांना सांगितलं, "तात्या म्हणतात, कात्री परत दे. माझं काही म्हणणं नाही. आजवर ही वाइन कोणी गिळलेली नाही. ज्या रविवारी सगळे गिळतील, त्या रविवारी कात्री तात्यांची आणि बादली बंद. आहे कोणी?" दोघांनी चढाओढीने घोट घेतला. दोघांनीही थुंकला. लोक टाळ्या वाजवायला लागले. तात्यांनी पहिल्यांदा मान वर करून ललितकडे बघितलं. इतरांना तो विनोद वाटला. तात्यांनी तो शब्द धरला.

नासलेली वाइन काही जन्माला पुरत नाही. दोन हजार सातच्या सुमारास ती संपत आली. मला वाटलं, सुटलो. तर ललितने फाटकाजवळच्या चार ओळी बाजूला काढल्या आणि म्हणाला, "या तात्यांच्या. यंदा पाहुण्यांसमोर बुडवायच्या. चूक कशी होते ते लोकांना बघू दे."

मी म्हणाले, "म्हणजे मुद्दाम नासवायची?"

"मुद्दाम कुठे? त्यांना जे येतं तेच करायला सांगतोय."

आई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. भाकरी थापायचा हात थांबला नाही.

आता एक सांगते. बादली धरून उभं राहणारा माणूस बहिरा नसतो. तात्या रविवारमागून रविवार ललितचं शिकवणं ऐकत होते. द्राक्ष बारीक का हवं, पाणी कधी तोडायचं, पानं कुठली काढायची, घड कधी उतरवायचा, गोडी आणि आंबटपणा यांचा मेळ कसा बसतो. पाहुणे ऐकून विसरत, त्यांना दुपारच्या जेवणाची घाई. तात्यांना घाई कसली. ललितकडे इतकी वर्षं इतक्या लोकांनी हजेरी लावली, पण एकही रविवार न चुकवता शिकणारा विद्यार्थी तो एकच.

डिसेंबरातल्या रविवारी तात्यांना चार ओळींसमोर उभं केलं. ड्रम, मग, औषधाची पुडी, सगळं मांडलेलं. पाहुणे अर्धगोल करून उभे. ललित बोलत होता आणि तात्या त्याच्या बोलण्याप्रमाणे करत होते. पुडी वर करून दाखवली. वाटीत स्पिरिट ओतलं. वाटीवर वाकले, सगळ्यांकडे पाठ झाली, हात हलला, आणि वाटी ड्रममध्ये रिकामी केली. मी त्यांच्या बाजूला ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होते. पुडी न फाडताच त्यांच्या बंडीच्या खिशात गेली, ती मी बघितली. त्यांनी मला बघताना बघितलं. मग त्यांनी मग घेतला आणि एकेक घड निवळ पाण्यात बुडवून काढायला लागले. त्यांनी त्यात कंजुषी केली नाही. घड बुडवताना "मोठा हो, बाळा" असंसुद्धा म्हणाले. लोक हसून हसून बेजार झाले.

मी ललितला सांगितलं नाही. का सांगू? बायकोने नवऱ्याची चहाडी करू नये म्हणतात, सासऱ्याची करावी असंही कुठे म्हटलेलं नाही.

त्या चार ओळींकडे ललित फिरकला नाही. नासायचंच ते, त्याला बघायचं काय. तात्या मात्र सकाळी गुपचूप पानं खुडायचे, ठिबकची नळी मुडपून ठेवायचे. हाताला कात्री नव्हती तर नखांनी. मार्चमध्ये घड उतरले ते बारीक, घट्ट, सोनेरी. चिमणाबाई टोपली भरताना म्हणाली, "तात्या, औंदा अवषद लागला नाय वाटतं." तात्यांनी तिला गप्प बसायची खूण केली. ललितने तो माल आडबाजूच्या लहान टाकीत घातला आणि टाकीचं सगळं माझ्यावर सोपवलं. म्हणाला, "कशीही झाली तरी चालेल."

मी ती कशीही होऊ दिली नाही. भाद्रपदात गणपती उठल्यावर मी टाकीची तोटी सोडून घोटभर चाखली आणि तिथेच स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत आमच्या टाक्यांतून इतकी चांगली वाइन निघाली नव्हती. पेरूचा वास, जरासा मध, शेवटी जिभेवर रेंगाळणारा आंबटपणा. तात्या दारात उभे होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांना माझ्या तोंडावरून कळलं.

"गिळली?" त्यांनी विचारलं.

"गिळली," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "त्याला सांगू नको," म्हणाले. "त्याच्या त्वांडानं कळू दे."

ती वाइन बाटल्यांत भरून पहिल्यांदा टेबलावर आली त्या रविवारी तात्यांनी सकाळीच दाढी केली, धुतलेली टोपी घातली. आईंना म्हणाले, "आज तू पण ये तिकडं." आई वायनरीत कधी येत नसत. त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. पाहुणे पुण्याच्या एका कंपनीचे होते, हसरे, चांगल्या घरचे. ललितने नेहमीसारखं सगळं शिकवलं. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग घोट. जे शिकवेल ते लोक निमूट करत होते. मग त्याने दाराकडे हात केला. तात्या बादली घेऊन आले. गोष्ट झाली, करवंदं झाली, हशा झाला, कात्रीची पैजही त्याने सांगितली. आज चिमणाबाईकडून ती कात्री मागवून त्याने टेबलावरच ठेवली होती, गंमत वाढावी म्हणून.

मी ओतली.

पहिल्या बाईने घोट घेतला. बादलीकडे वाकली, आणि थांबली. तिने भुवया वर केल्या आणि गिळला. तिच्या शेजारच्या माणसाने गिळला. तिसऱ्याने ग्लास परत नाकाशी नेला. कोणी वाकडं तोंड केलं नाही. एक जण म्हणाला, "सर, ही तर..." आणि पुढे काय म्हणावं ते न कळून ललितकडे बघायला लागला. सगळेच त्याच्याकडे बघायला लागले. दोन तास तो त्यांना चव शिकवत होता. आता चांगलं काय नि वाईट काय, ते त्याने सांगायचं होतं.

तात्यांना मी कधी असं बघितलं नव्हतं. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी पोरं दिसतात तसे ते दिसत होते.

ललितने ग्लास उचलला. घोट घेतला. तोंडात घोळवला, एकदा, दोनदा. मी त्याची बायको आहे, त्याचा चेहरा मला वाचता येतो. त्याला कळलं. कोणाची द्राक्षं, काय केलं, कसं केलं, सगळं त्या एका घोटात कळलं. त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले. क्षणभर मला वाटलं, आता हा बापाच्या पाया पडतो.

त्याने दोन पावलं पुढे येऊन बादलीत थुंकलं. जोरात, आवाज होईल असं.

"बघितलंत?" तो पाहुण्यांना म्हणाला. "वरवर गोड लागते आणि फसवते. मागची चव बघा, घशाशी. औषध लपत नाही. नवख्या माणसाला कळत नाही, म्हणून तर शिकावं लागतं."

जी बाई आधी गिळून बसली होती ती ओशाळली. तिने दुसरा घोट घेतला, विचारपूर्वक घोळवला आणि म्हणाली, "हो, आता जाणवतंय." आणि थुंकली. मग रांग लागली. प्रत्येकाला घशाशी काहीतरी जाणवलं. एकाने तर औषधाचा वास कुठल्या मण्याला जास्त येतो तेही विचारलं.

मी म्हणाले, "वाइन चांगली आहे. मी चाखलीय, टाकीतून." मोठ्याने म्हणाले.

"सुनेला सासऱ्याचा पुळका," ललित म्हणाला, आणि सगळे हसले.

तात्या हसण्याकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे बघत होते. "ललितची आई," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी आईंना काही विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "तू कधी खोटं बोलली नाय. तू सांग. कशी हाय?"

आई पुढे आल्या. त्यांनी आयुष्यात वाइनचा थेंब घेतलेला नव्हता. मी माझ्या हाताने त्यांना ग्लास दिला, कारण मला वाटलं, ही एक बाई तरी खरं सांगेल. त्यांनी घोट तोंडात घेतला. जरा थांबल्या, तात्या थांबायचे तशाच. तात्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या राहिल्या. आणि थुंकल्या. बादलीत नाही, बादलीच्या बाजूला, फरशीवर, तात्यांच्या पायांपाशी.

कोणी हसलं नाही. ललितसुद्धा.

आईंनी पदराने तोंड पुसलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. फरशी पुसायला फडकं कोणी आणलं नाही. शेवटी तात्यांनी बादली खाली ठेवली, खांद्यावरचा पंचा घेतला आणि गुडघ्यावर बसून ते पुसलं. ललितने टेबलावरची कात्री उचलली आणि पाहुण्यांना म्हणाला, "चला, आता जेवायला."

संध्याकाळी मी त्याला धरलं. "चांगली होती ना?"

"होती," तो म्हणाला. "बाटल्यांवरचं ते नाव काढ. उद्यापासून ती वरच्या फळीवर, माझ्या नावाने."

"तुझ्या नावाने? अरे, बाप आहे तो तुझा."

"म्हणूनच," तो म्हणाला. "त्या दिवशी फाट्यावर मी सांगत होतो, तात्या, पुढच्या ओळीत नीट करतो, एक ओळ द्या. दिली?"

मला त्याचा राग आला, तात्यांचा आला, आईंचा आला. आणि त्या घरात मी इतकी वर्षं जेवले म्हणून स्वतःच्या अन्नाचाही आला.

डिसेंबरात पुन्हा फाटकाजवळ ड्रम मांडला. पुन्हा पाहुणे अर्धगोल करून उभे. मी ट्रे घेऊन माझ्या जागी होते आणि माझं सगळं लक्ष तात्यांच्या हाताकडे होतं. त्यांनी पुडी वर करून दाखवली. या वेळी पाठ फिरवली नाही. दातांनी पुडी फाडली, भुकटी वाटीत ओतली, बोटाने झटकून शेवटच्या कणापर्यंत ओतली. स्पिरिटमध्ये विरघळवली आणि ड्रममध्ये टाकली. रिकामी पुडी त्यांनी माझ्या ट्रेवर ठेवली, मला दिसेल अशी.

नंतर मग घेतला आणि पहिला घड बुडवला. "मोठा हो, बाळा," ते म्हणाले, आणि लोक हसले.